जुन्या गाडीचा रिमोट चालेना? तपासणीपासून रिसीव्हरच्या दुरुस्तीपर्यंत

रिमोटचं बटण दाबलं आणि गाडी मख्ख उभी राहिली, की बहुतेक जण थेट ॲक्सेसरीच्या दुकानात जातात आणि तिथे नवीन सिस्टीम गळ्यात पडते. जुना रिसीव्हर, म्हणजे रिमोटचा संकेत पकडणारा गाडीतला डबा, खरंच गेला होता का, हे कुणी बघत बसत नाही. बघायला वेळ जातो आणि गिऱ्हाईक नवीन बसवायला तयारच असतं. पण हा डबा सहसा आपणहून मरत नाही. त्याला वीज पोहोचत नाही, अर्थिंग (गाडीच्या पत्र्याला जोडलेली निगेटिव्ह वायर) सुटतं, अँटेना तुटते, पावसाळ्यात पाणी लागतं किंवा आत एखादं सोल्डरिंग सुटतं. यातलं बरंचसं घरी दुरुस्त होतं. मात्र डबा उघडण्याआधी दोष त्याचाच आहे, हे सिद्ध करायचं.

हे सगळं मुख्यतः कोणत्या गाड्यांना लागू आहे, ते आधी सांगतो. २००० ते २०१२ च्या सुमाराच्या सॅन्ट्रो, अल्टो, वॅगनआर, इंडिका यांच्या खालच्या मॉडेलना कंपनीचं रिमोट लॉक नसायचं. मालकांनी नंतर बाजारातून सेंट्रल लॉकिंग आणि अलार्म बसवून घेतला. अशा गाडीत रिसीव्हर, रिले (विजेने चालणारा स्विच) आणि अलार्मचा मेंदू एकाच काळ्या प्लास्टिकच्या डब्यात असतो. दुरुस्तीला ही जात सगळ्यात सोपी. कंपनीतूनच रिमोट लॉक आलेल्या गाडीत रिसीव्हर अनेकदा बॉडी कंट्रोल मॉड्यूलमध्येच, म्हणजे दिवे, लॉक वगैरे सांभाळणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरमध्येच असतो. तिथेही तपासणी याच क्रमाने करा, पण सोल्डरिंग आयर्न हातात घेण्याआधी दोनदा विचार करा. पुश बटण स्टार्टवाल्या गाड्या इथे धरलेल्या नाहीत.

यंत्र चालतं कसं

रिमोट म्हणजे एक छोटा रेडिओ ट्रान्समीटर. भारतात आणि युरोपात तो बहुतेक ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतो, जपान आणि अमेरिकेत ३१५ वर. गाडीतला रिसीव्हर तो संकेत पकडतो, आतली चिप कोड ओळखीचा आहे का बघते, मग रिले ओढला जातो आणि दारातल्या मोटरला अर्धा-पाऊण सेकंद वीज मिळते. रिमोट, रिसीव्हर, रिले, मोटर अशी ही साखळी. गाडीचा मालक म्हणतो ‘रिमोट चालत नाही’, तेव्हा यातली कोणतीही कडी तुटलेली असू शकते.

कोड दोन प्रकारचे असतात. स्वस्त सिस्टीममध्ये ठरावीक कोड असतो, म्हणजे दर वेळी तोच आकडा हवेत जातो. बरी सिस्टीम असेल तर कोड दर वेळी बदलतो, त्याला रोलिंग कोड म्हणतात. मायक्रोचिप कंपनीच्या कीलॉक पद्धतीच्या चिप, उदाहरणार्थ एचसीएस३०१, बाजारच्या पुष्कळ रिमोटमध्ये सापडतात. रिमोट आणि रिसीव्हर दोघेही मोजणी ठेवतात. रिमोट पोरांच्या हातात गेला आणि गाडीपासून लांब बरेच वेळा दाबला गेला, की त्याची मोजणी पुढे निघून जाते. कीलॉकमध्ये फरक १६ पर्यंत असेल तर रिसीव्हर निमूट चालवून घेतो. त्याहून जास्त असेल तर लागोपाठचे दोन संकेत ऐकल्यावर जुळवून घेतो. म्हणून काहीही उघडण्याआधी गाडीजवळ उभं राहून तेच बटण दोन-तीनदा सावकाश दाबून बघा. नुसत्या एवढ्याने दुरुस्त झालेल्या गाड्या कमी नाहीत.

रिमोटची ही कल्पना मुळात रेडिओची नव्हती. १९८२ च्या रेनो फ्युएगो या गाडीत रिमोट लॉक पहिल्यांदा आलं, ते इन्फ्रारेडवर चालायचं, टीव्हीच्या रिमोटसारखं. नव्वदच्या दशकातल्या काही मर्सिडीज गाड्यांतही इन्फ्रारेडच आहे. तुमच्याकडे तशी गाडी असेल तर रिमोटचं टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, पडद्यावर जांभळट उजेड लुकलुकताना दिसेल. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यावर इन्फ्रारेड अडवणारी काच असते, म्हणून सेल्फी कॅमेरा वापरा. रेडिओच्या रिमोटला मात्र ही युक्ती चालत नाही.

काही न उघडता करायची तपासणी

पहिली अर्धी लढाई कानांनी जिंकायची. काचा बंद करून शांत जागी गाडीत बसा आणि रिमोट दाबा. डॅशबोर्डखालून ‘टक्’ असा रिलेचा आवाज आला किंवा इंडिकेटर लुकलुकले, तर रिसीव्हर ठणठणीत आहे. दोष पुढे आहे: दारातली मोटर, तिची वायर किंवा लॉकचे दांडे. दार आणि खांब यांच्यामध्ये जो रबरी भोंगा असतो, त्यातली वायर वर्षानुवर्षं वाकून आतल्या आत तुटते. वरचं प्लास्टिक मात्र शाबूत दिसतं. एकच दार लॉक होत नसेल तर थेट तिथेच बघा, रिसीव्हरच्या नादाला लागूच नका.

आवाज अजिबात आला नाही तर ड्रायव्हरच्या दाराला किल्ली लावून फिरवा. बाकीची दारं सोबत लॉक झाली, तर सेंट्रल लॉकिंगला वीज मिळते आहे आणि मोटरी धडधाकट आहेत. संशय रिमोट आणि रिसीव्हर यांच्यावर येतो. किल्लीनेही फक्त एकच दार लॉक झालं, तर आधी फ्यूज बघा. अनेक गाड्यांत सेंट्रल लॉकिंग आणि आतला दिवा एकाच फ्यूजवर असतात, तेव्हा दार उघडल्यावर दिवा लागतो का, हेही पाहून घ्या. बाजारच्या सिस्टीमचा फ्यूज गाडीच्या फ्यूज बॉक्समध्ये सापडेलच असं नाही. लाल वायरवर लटकणाऱ्या प्लास्टिकच्या नळीत तो असतो आणि पंधरा वर्षांत त्याचे पत्रे गंजून सैल झालेले असतात. फ्यूज न उडताही तिथे वीज अडते.

रिमोट कधी चालतो आणि कधी नाही, यातूनही पुष्कळ कळतं. पल्ला महिनोन्‌महिने घटत गेला असेल तर सेल किंवा अँटेना. एका दिवसात अचानक बंद पडला असेल तर फ्यूज, अर्थिंग किंवा पाणी. सकाळी चालतो, दुपारी गाडी उन्हात तापली की चालत नाही, असं असेल तर बोर्डावर ड्राय सोल्डर (चीर पडलेला सोल्डरचा जोड) आहे किंवा रिसीव्हरची फ्रिक्वेन्सी सरकली आहे. ठरावीक जागीच चालत नसेल तर गाडीला दोष देऊ नका. त्याच फ्रिक्वेन्सीवर सोसायटीच्या गेटचा रिमोट, वायरलेस बेल आणि इतर बरीच उपकरणं बोलत असतात. लायटरच्या सॉकेटमधला स्वस्त मोबाइल चार्जर आणि डॅशकॅमही रिसीव्हरच्या कानाशी गोंगाट करतात. ते उपटून एकदा रिमोट दाबून बघा.

रिमोट निर्दोष आहे का

घरात दुसरा रिमोट असेल तर तोच सगळ्यात चांगला साक्षीदार. दोन्ही चालत नसतील तर दोष गाडीत असण्याची शक्यता जास्त. एकच चालत नसेल तर गाडीला हात लावायचं कारण नाही.

रिमोट उघडताना घाई नको. नवीन ३ व्होल्टचा सेल मोकळा मोजला तर ३.२ च्या आसपास दाखवतो. पण मोजमाप बटण दाबून धरूनच घ्या, कारण म्हातारा सेल मोकळा असताना ३ दाखवतो आणि भार आला की कोसळतो. दाबलेल्या अवस्थेत २.७ च्या खाली गेला तर बदला. सीआर२०३२ च्या जागी सीआर२०१६ बसवू नका. व्यास दोघांचा २० मिलिमीटर, पण जाडी पहिल्याची ३.२ आणि दुसऱ्याची १.६, त्यामुळे संपर्क धड होत नाही. जुन्या अलार्मच्या रिमोटमध्ये २३ए किंवा २७ए हे बारके सेल असतात. ते १२ व्होल्टचे असतात. ते घड्याळजीकडे नसतील तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतात.

लाल दिवा लागतो म्हणजे रिमोट चांगला, असं समजू नका. दिवा लागायला फक्त सेल आणि बटण लागतं. रिमोट फरशीवर आपटला असेल तर आतला सॉ रेझोनेटर, म्हणजे फ्रिक्वेन्सी ठरवणारा भाग, तडकलेला असतो. हा गोल किंवा चपटा धातूचा लहान डबा, त्यावर बहुधा ‘आर४३३’ असं काही लिहिलेलं असतं. तो गेला तर दिवा लागत राहतो आणि हवेत काहीच जात नाही. रिमोट प्रसारण करतो की नाही, हे डुप्लिकेट चावी बनवणाऱ्याकडे कळतं. त्यांच्याकडे फ्रिक्वेन्सी दाखवणारं छोटं यंत्र असतं आणि बहुतेक जण ते दोन मिनिटांत फुकट बघून देतात. कॉम्प्युटरची आवड असेल तर आरटीएल-एसडीआर नावाचा, रेडिओ संकेत कॉम्प्युटरवर दाखवणारा यूएसबी डोंगल घ्या. ४३३.९२ वर तो लावला की बटण दाबताच पडद्यावर उंचवटा उठताना दिसतो.

एक इशारा महत्त्वाचा. किल्ली आणि रिमोट एकत्र असलेला नमुना उघडताना आतून तांदळाच्या दाण्याएवढी काचेची किंवा काळी चौकोनी चिप सुटून पडू शकते. ती इमोबिलायझरची, म्हणजे ओळखीची किल्ली नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची. लॉकशी तिचा संबंध नाही, पण ती हरवली तर इंजिनच सुरू होत नाही. किल्ली टेबलावर पांढऱ्या कापडावर उघडा.

डबा शोधणे

आता बॅटरीचा निगेटिव्ह १० नंबरच्या पान्याने सोडा. स्टिरिओला कोड असेल तर आधी लिहून ठेवा. एअरबॅग असलेल्या गाडीत निगेटिव्ह सोडल्यावर काही मिनिटं थांबा आणि पिवळ्या कनेक्टरना, पिवळ्या नळीतल्या वायरना हात लावू नका. त्यांवर टेस्ट लॅम्प (वीज तपासायचा दिवा) तर चुकूनही नाही.

बाजारची सिस्टीम असेल तर डबा बहुधा ड्रायव्हरच्या गुडघ्यावरच्या पॅनेलमागे, स्टिअरिंगच्या दांड्याला वायरटायने बांधलेला, नाहीतर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे सापडतो. सापडला नाही तर सायरनची वायर किंवा ड्रायव्हरच्या दारातून येणारा वायरचा जुडगा धरून मागे मागे जा. ड्रायव्हरच्या दारातल्या मोटरला सहसा पाच वायर असतात, बाकीच्या दारांच्या मोटरना दोन. हा पाचांचा जुडगा तुम्हाला थेट डब्यापर्यंत घेऊन जातो. कंपनीच्या गाड्यांत जागा मॉडेलप्रमाणे बदलते. फोक्सवॅगनच्या बी५ पासाटमध्ये हे मॉड्यूल पुढच्या गालिच्याखाली असतं. काचेखालच्या पन्हाळीत पालापाचोळा अडकून पाणी आत उतरलं की ते बुडतं. हा त्या गाडीचा जगजाहीर रोग आहे.

कनेक्टर काढण्याआधी सगळ्या बाजूंनी मोबाइलवर फोटो काढा. वायरच्या रंगांवर विश्वास ठेवायचा नाही, कारण बसवणाऱ्याने त्या दिवशी हाताला लागेल त्या रंगाची वायर जोडलेली असते.

वीज आणि अर्थिंग: इथेच बहुतेक केसेस मिटतात

निगेटिव्ह परत जोडा. कनेक्टर डब्यात असू द्या आणि मल्टिमीटरचं टोक मागच्या बाजूने वायरलगत खुपसून मोजा. लाल वायरवर बॅटरीएवढाच व्होल्टेज हवा. विश्रांतीत असलेली भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास असते. बॅटरीच १२ च्या खाली असेल तर आधी ती चार्ज करा, कारण अशक्त बॅटरीवर हे डबे वेड्यासारखे वागतात.

मल्टिमीटर एका बाबतीत फसवतो. तो जवळपास काहीच विद्युतप्रवाह खेचत नाही, म्हणून गंजलेल्या जोडातूनही पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. त्यावर उपाय म्हणजे ५ वॉटचा पार्किंग दिव्याचा बल्ब, त्याला दोन वायर जोडून. त्या लाल वायरपासून चांगल्या अर्थिंगपर्यंत बल्ब लावा. झगझगीत पेटला तर वीज खरी आहे. मिणमिणला किंवा व्होल्टेज एकदम खाली आला तर फ्यूजची नळी, जोड, स्क्रू असं मागे मागे जात शोधा. हा बल्ब कंपनीच्या कॉम्प्युटरच्या सिग्नल वायरवर वापरायचा नाही, फक्त मुख्य विजेच्या वायरवर.

अर्थिंगची परीक्षा वेगळी. मीटरचं एक टोक डब्याच्या काळ्या वायरवर आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा. ड्रायव्हरच्या दाराने लॉक चालवून बघा. लॉक होण्याच्या क्षणी मीटर ०.२ व्होल्टच्या वर उडी मारत असेल तर अर्थिंग कच्चं आहे. मीटरच्या ‘बीप’वर भरवसा ठेवू नका. वायरचा एकच तंतू शिल्लक असला तरी बीप वाजतो. अर्थिंगचा स्क्रू काढा, पत्र्यावरचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून चकाकता धातू दिसू द्या, नवीन रिंग टर्मिनल दाबून बसवा, वर थोडं व्हॅसलिन लावा.

वायरचे जोडही याच वेळी बघा. दोन वायरी पिळून वर काळी टेप, ही बाजारातली सर्रास पद्धत. उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळून चिकट होतो, टेप सुटते आणि तांब्यावर हिरवा कळंक चढतो. काळी पडलेली टोकं कापून टाका, आतली लालसर तांब्याची तार लागेपर्यंत मागे या, सोल्डर करा आणि वर हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळणारी) चढवा.

अँटेनाही डबा उघडण्याआधीच बघून घ्या. डब्यातून एकच पातळ, कुठेही न जोडलेली वायर बाहेर लोंबत असते. नवखे लोक ती अनाथ वायर समजून कापतात किंवा गुंडाळून टेप लावतात. ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ६९ सेंटिमीटर, तिचा चौथा हिस्सा १७.३ सेंटिमीटर, म्हणून बहुतेक अँटेना तेवढी लांब असते. ३१५ ची असेल तर सुमारे २३.८. ती कापलेली असेल तर तेवढ्या लांबीची नवीन वायर सोल्डर करा, सरळ ठेवा आणि लोखंडी पट्ट्या आणि वायरच्या जुडग्यापासून शक्य तितकी लांब बसवा. पल्ला पाच पावलांवर आला होता आणि एवढं केल्यावर परत वाढला, तर दुरुस्ती संपली.

डबा उघडला तर

वीज, अर्थिंग, अँटेना, रिमोट चारही निर्दोष ठरले, तरच पुढे वाचा. लागणारं सामान फार नाही: २५ ते ६० वॉटचं सोल्डरिंग आयर्न, ६०/४० चं बारीक सोल्डर, फ्लक्स, सोल्डर ओढणारा पंप, आयसोप्रोपाइल अल्कोहोल, मऊ टूथब्रश आणि भिंग. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सगळं एका गल्लीत मिळतं.

बॅटरीचा निगेटिव्ह पुन्हा सोडा, डबा बाहेर काढा आणि त्याची झाकणं सोडवा. आधी वास घ्या आणि बघा. पाण्याच्या खुणा, हिरवा-पांढरा थर, काळवंडलेला भाग, फुगलेला कपॅसिटर. मग भिंगाखाली रिलेचे आणि कनेक्टरचे पाय तपासा. हे पाय जड असतात आणि गाडी हादरे देते, म्हणून सोल्डरच्या ठिपक्यात पायाभोवती बारीक गोल चीर पडते. हाच ड्राय सोल्डर. जुना सोल्डर ओढून काढा, फ्लक्स लावा आणि ३५० अंशांच्या आसपास नवा सोल्डर द्या. जुन्यावरच नवा थापला तर तो वरवर चमकतो आणि महिन्याभरात पुन्हा चीर पडते.

पुढचा संशयित पाच व्होल्टचा रेग्युलेटर. चिपला १२ नव्हे, ५ व्होल्ट लागतात. ७८०५ किंवा त्याचा लहान भाऊ ७८एल०५ हे काम करतो. दोघांच्या पायांचा क्रम उलटा आहे. ७८०५ ची लिहिलेली बाजू समोर आणि पाय खाली धरले तर डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. तीन पायांच्या काळ्या गोळीसारख्या ७८एल०५ ची चपटी बाजू समोर धरली तर डावीकडून आउटपुट, ग्राउंड, इनपुट. १२ व्होल्टचा लहान अडॅप्टर किंवा बॅटरी जोडून मोजा. अडॅप्टरच जास्त सुरक्षित, कारण चूक झाली तरी प्रवाह मर्यादित राहतो. इनपुटला ११ च्या वर (मध्ये संरक्षक डायोड असतो, तो सुमारे पाऊण व्होल्ट खातो) आणि आउटपुटला ४.९ ते ५.१ दिसलं पाहिजे. इनपुट आहे आणि आउटपुट नाही, तर बोर्डाची वीज काढून आउटपुट आणि ग्राउंडमध्ये शॉर्ट नाही ना, हे आधी बघा. शॉर्ट नसेल तर रेग्युलेटर बदला. इनपुटच नसेल तर तो डायोड किंवा त्याच्याजवळचा पातळ ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची रेघ) जळलेला असतो. बॅटरी उलटी जोडण्याचा प्रयोग कुणीतरी केला असेल तर हमखास.

कपॅसिटर बदलताना तितकीच किंवा जास्त व्होल्टची क्षमता आणि तेच मायक्रोफॅरड घ्या. १०५ अंश सेल्सिअसचा प्रकार मागा, ८५ वाला डॅशबोर्डखालच्या उन्हाळ्यात लवकर वाळतो. गोल डब्यासारख्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर पट्टी असलेली बाजू निगेटिव्ह. चपट्या पिवळ्या टँटलम कपॅसिटरवर पट्टी असलेली बाजू पॉझिटिव्ह. हा गोंधळ महागात पडतो, टँटलम उलटा बसला तर धूर काढतो.

रिले तपासायला त्याच्या कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. १२ व्होल्टच्या लहान रिलेला बहुधा दोनशे ते चारशे ओहम असतात. बोर्डावरून ‘टक्’ ऐकू येत असेल पण पुढे वीज जात नसेल तर आतले संपर्क जळालेत. रिले उघडून घासण्याची हौस करू नका, नवीन स्वस्तात मिळतो. रिले ओढणारी चिप बहुधा यूएलएन२००३ असते, सोळा पायांची, तीही सहज मिळते.

रेडिओचा भाग

बोर्डावर एक छोटी उभी पट्टी खोचलेली दिसेल, चार-पाच पायांची, वर तांब्याचं वेटोळं असलेली. खरा रिसीव्हर हाच. त्याला ५ व्होल्ट मिळत असतील तर त्याच्या डेटा पायावर कान लावायचा. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १० किलोओहमचा रेझिस्टन्स यांच्या मालिकेतून तो पाय एखाद्या जुन्या ॲम्प्लिफायर स्पीकरच्या इनपुटला जोडा. स्वस्त प्रकारच्या रिसीव्हरमधून सतत ‘सऽऽ’ असा गोंगाट येतो. रिमोट दाबल्यावर त्या गोंगाटाच्या जागी स्वच्छ ‘बर्रर्र’ असा आवाज आला, तर रेडिओ चांगला आहे आणि दोष कोड ओळखणाऱ्या चिपमध्ये किंवा रिमोटच्या नोंदीत आहे. रिमोट अगदी टेकवल्यावरच फरक ऐकू येत असेल तर फ्रिक्वेन्सी सरकली आहे. अजिबात काही नसेल तर पट्टी गेली. बरे रिसीव्हर संकेत नसताना गप्प बसतात, तेव्हा शांतता ऐकून लगेच निकाल देऊ नका.

काही पट्ट्यांवर फिरवायचा स्क्रू असलेली कॉइल असते. त्याची मूळ जागा मार्करने खूण करून ठेवा आणि प्लास्टिकच्या टोकानेच, केसाएवढं फिरवा. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर जवळ आला तरी ट्यूनिंग बदलतं. खरं सांगायचं तर मी हा स्क्रू फिरवायचा सल्ला देत नाही. तेवढ्याच पायांची, त्याच फ्रिक्वेन्सीची नवी पट्टी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. पायांचा क्रम मात्र जुळवून घ्या, ३१५ आणि ४३३ च्या पट्ट्या दिसायला जुळ्या असतात.

पाणी लागलेला डबा

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर येणाऱ्या केसेस बहुधा याच. पाणी डॅशबोर्डच्या आत काचेखालच्या पन्हाळीतून, एसीच्या तुंबलेल्या नळीतून किंवा जुन्या रबरी ग्रोमेटमधून (वायर पत्र्यातून जाते तिथल्या बुचातून) उतरतं आणि वायरवरून ओघळत थेट कनेक्टरमध्ये शिरतं. वीज चालू असताना ओलावा राहिला तर तांबं झपाट्याने खाल्लं जातं, म्हणून पहिलं काम बॅटरी सोडणं. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही. बोर्ड अल्कोहोलने ब्रश करा, कनेक्टरच्या पिनाही, आणि सावलीत दिवसभर वाळू द्या. खाऱ्या पाण्यात भिजला असेल तर आधी डिस्टिल्ड पाण्याने धुवा, कारण मीठ अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही. खाल्ला गेलेला ट्रॅक दिसला तर दोन्ही बाजूंचा हिरवा लेप खरवडून बारीक तार सोल्डर करा.

नंतर ॲक्रिलिक कोटिंगचा पातळ थर द्यायला हरकत नाही, कनेक्टर आणि रेडिओची पट्टी टेपने झाकून. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन मात्र वापरू नका. वाळताना त्यातून ॲसेटिक ॲसिड निघतं आणि जे तुम्ही घासून काढलं तेच तांब्यावर पुन्हा सुरू होतं.

दुरुस्त करायचं की बदलायचं

माझं मत स्पष्ट आहे. ठरावीक कोडचा रिसीव्हर असेल आणि दोष बोर्डात असेल तर दुरुस्तीवर वेळ घालवू नका. रिमोटमधल्या चिपवर पीटी२२६२ किंवा ईव्ही१५२७ असं दिसलं तर तो ठरावीक कोड. असा रिमोट बाजारात कुणीही क्षणात कॉपी करून देतं, म्हणजे चोरालाही करता येतो. त्या पैशांत रोलिंग कोडची नवी सिस्टीम बसवा आणि गाडीतल्या जुन्या मोटरी, वायर तशाच वापरा. रोलिंग कोडचा डबा मात्र वाचवण्याजोगा. कंपनीचं मॉड्यूल असेल तर फक्त सोल्डर, सफाई आणि कपॅसिटरपर्यंत जा. चिपला हात लावू नका, कारण त्यात इमोबिलायझरची माहितीही असू शकते. भंगारातून आणलेलं मॉड्यूल बऱ्याच गाड्यांत प्रोग्रॅमिंगशिवाय चालत नाही, हे कुर्ल्याला किंवा नाना पेठेत पैसे मोजण्याआधी लक्षात असू द्या.

बाजारच्या अलार्ममध्ये इंजिन बंद करणारा रिलेही असतो. डबा काढून गाडी सुरू करायचा प्रयत्न केला आणि ती सुरू झाली नाही, तर घाबरू नका. त्या रिलेने इग्निशन किंवा फ्युएल पंपाची वायर तोडलेली आहे. डबा परत बसवला की ती सुरू होते.

परत बसवताना

डबा पूर्वीच्याच जागी दाबून बसवण्यापेक्षा थोडा वर, धातूपासून लांब बसवा. कनेक्टरचं तोंड खाली ठेवा. वायर डब्यात शिरण्याआधी खाली एक वळण घेऊ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी वळणावरून खाली ठिबकतं, आत जात नाही. वायरटाय लावा, पण अँटेना जुडग्यात बांधू नका.

बॅटरी जोडल्यावर दोन मोजमापं घ्या. पहिलं, गाडी बंद करून, दारं लॉक करून थोड्या वेळाने मल्टिमीटर निगेटिव्हच्या मालिकेत १० अँपिअरच्या सॉकेटवर लावा. ५० मिलिअँपिअरच्या खाली असेल तर ठीक. जास्त असेल तर फ्यूज एकेक करून काढा, जो काढल्यावर आकडा पडेल तिथे चोर आहे. मीटर असा लावलेला असताना किल्ली फिरवू नका, त्याचा फ्यूज जाईल. दुसरं, पल्ला. मोकळ्या मैदानात गाडीच्या पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी चालत जा. एकाच बाजूने पल्ला कमी असेल तर अँटेना दुसऱ्या बाजूला हलवा. काचांवर धातूची सन फिल्म असेल तर तिचाही हात असतो.

शेवटी रिमोटची नोंद. प्रत्येक सिस्टीमची रीत वेगळी: डब्यावरचं छोटं बटण दाबून धरणं किंवा इग्निशन ठरावीक वेळा चालू-बंद करणं. डब्यावरचा मॉडेल नंबर शोधला की पत्रक मिळतं. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर याच वेळी मेमरी पूर्ण पुसा आणि फक्त तुमच्या हातातले रिमोट नव्याने नोंदवा. आधीच्या मालकाचा एखादा रिमोट अजून त्या डब्याच्या ओळखीचा असू शकतो.